गाडीतलं कॅबिनेट, निघणारा एसी आणि पेटंटचा प्रश्न: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

विषय हातात आला. व्हॅनच्या मागच्या भागात, बाजूच्या भिंतीला लागून बसणारं कॅबिनेट. त्यात खिडकीला लावतात तसला एकखोकी एसी. आणि हा एसी एकही स्क्रू न उघडता रेलवरून ओढून बाहेर काढता येतो. गारवा पडला की एसी काढायचा, कॅबिनेट सामानाला मोकळं. एसी बिघडला तर गाडी अडकून पडत नाही, नुसता एसी दुरुस्तीला जातो.

वस्तू उपयोगाची आहे यात वाद नाही. पण पेटंटच्या तीन अटींमध्ये उपयोगाची अट सगळ्यात सोपी. नावीन्य आणि इन्व्हेंटिव्ह स्टेप (म्हणजे त्या क्षेत्रातल्या कुशल माणसाला उघड न वाटणारी पायरी) या दोन गाळण्यांतून काय उरतं ते बघायचं आहे.

कॅबिनेट ज्याने बनवलं त्या दादाला विचारलं, यात नवीन काय ते एका वाक्यात सांग. तो म्हणाला, "गाडीत कॅबिनेट, कॅबिनेटमध्ये एसी, आणि एसी निघतो." वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं. मॅडमनी (आमच्या पेटंट एजंट) ते वाचून एवढंच म्हटलं, "हे वर्णन झालं. क्लेम अजून दिसत नाही." क्लेम म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणारं अर्जातलं वाक्य.

५ फेब्रुवारी

नमुना पाहिला. कायदा बाजूला ठेवून हवा कुठून येते आणि कुठे जाते एवढंच बघितलं.

खिडकी-एसीची पुढची बाजू थंड, मागची गरम. मागचा पंखा खोक्याच्या बाजूच्या जाळ्यांतून बाहेरची हवा ओढतो आणि कंडेन्सरमधून (उष्णता बाहेर सोडणाऱ्या कॉइलमधून) मागे फेकतो. खिडकीत हे आपोआप जमतं, कारण मागचा अर्धा भाग उघड्यावर असतो. तोच एसी कॅबिनेटमध्ये कोंडला की मागे फेकलेली गरम हवा वळसा घेऊन परत त्याच जाळ्यांत शिरते. कंडेन्सरचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, आणि शेवटी ओव्हरलोड, म्हणजे जादा करंटपासून वाचवणारा स्विच, त्याला बंद पाडतो. कॅबिनेटमध्ये एसी ठेवणं कुणालाही जमेल. तो तिथे दुपारभर चालवणं हे काम.

दुसरा मुद्दा धुराचा. गाडीच्या भिंतीला हवेसाठी भोक पाडलं की इंजिनाच्या धुरालाही वाट मिळते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एसी जागेवर असताना त्याच्याभोवतीचं गॅस्केट ही वाट अडवतं. पण एसी काढला की भोक उघडं पडतं. यावर दादाने पत्र्याची झडप बसवली आहे. ती कडेला बिजागरीवर नाही, मधोमध आडव्या दांड्यावर फिरते. एसी आत सरकताना त्याचा तळ एका दांडीला ढकलतो आणि झडप उभी होती ती आडवी होते. एसी ओढला की स्प्रिंग तिला परत उभी करते, भोक बंद.

दादाने हे बोलता बोलता सांगितलं आणि लगेच रेलच्या बेअरिंगकडे वळला. बेअरिंग त्याने खूप शोधून आणली आहेत, त्यामुळे तिथेच जास्त वेळ गेला. मी झडपेच्या ओळीखाली रेघ मारून ठेवली.

आणखी एक: एसी सबंध असल्यामुळे काढताना गॅसची एकही नळी उघडावी लागत नाही. स्प्लिट एसी असता तर 'ओढला आणि काढला' हे शक्यच नव्हतं.

८ फेब्रुवारी

शोध सुरू. एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि भारतीय कार्यालयाचं इनपास ही पेटंट शोधायची संकेतस्थळं उघडून बसलो. वर्गीकरणात बी६०एच १/०० आणि १/३२ म्हणजे गाडीतली हवा गरम-थंड करणं. एफ२४एफ १/०२ म्हणजे खोलीचे एकखोकी एसी. बी६०पी ३ मध्ये राहण्याच्या आणि खास कामांच्या गाड्या. बी६०आर ११ मध्ये गाडीत वस्तू बसवण्याच्या तऱ्हा.

पहिले काही तास नुसता पाचोळा. 'निघणारा' असं म्हटलं की जगातलं सगळंच निघतं. मग 'गाडी' ही अटच काढून टाकली, तेव्हा खरा माल लागला. इमारतींच्या भिंतीत पत्र्याची स्लीव्ह कायमची बसवायची आणि एसीचा चालता भाग, म्हणजे चासी, तिच्यात सरकवायचा. पुढचं झाकण काढून चासी पुढे ओढायची, साफसफाई करायची, परत ढकलायची. ही रचना कित्येक दशकं बाजारात आहे. स्लीव्ह म्हणजे कॅबिनेटच की. शिवाय कॅराव्हॅनमध्ये बाकाखालच्या कप्प्यात एसी दडवून तळातून हवा घेणंही जुनंच.

म्हणजे दादाच्या वाक्यातला प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे आहे. तरी नावीन्य तांत्रिकदृष्ट्या जिवंत आहे, कारण नावीन्य मोडायला सगळे तुकडे एकाच कागदात, म्हणजे एकाच जुन्या पेटंटात किंवा लेखात, असावे लागतात. एक कागद इथला आणि एक तिथला जोडून नावीन्य पाडता येत नाही. जोडाजोडी सुरू झाली की प्रश्न इन्व्हेंटिव्ह स्टेपचा होतो, आणि तिथे हे वाक्य पाच मिनिटंही टिकणार नाही.

९ फेब्रुवारी

दादा नाराज. "पण गाडीतला एसी असा झटक्यात निघतो, हे कुणी केलंय?"

त्याला डलबर्गचा खटला सांगितला. अमेरिका, १९६१. लिपस्टिकच्या नळीचं टोपण. आधीच्या नळीत टोपण दाबून घट्ट बसवलेलं होतं, अर्जदाराने ते हाताने काढता येईल असं केलं. कोर्ट म्हणालं, त्या टोकाशी पोहोचण्याची कुठलीही गरज असली तर टोपण काढता येण्याजोगं करणं हे उघड आहे. अमेरिकी परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत हा निकाल आजही तयार ठेवलेला आहे. सुटं करणं, एकत्र जोडणं, उचलून नेण्याजोगं करणं, भागांची जागा बदलणं, या प्रत्येकासाठी तिथे एकेक जुना खटला आहे. 'एसी निघतो' एवढ्यावर अर्ज टाकला तर पहिल्याच उत्तरात डलबर्ग येणार हे नक्की.

१२ फेब्रुवारी

आज मॅडमबरोबर लांब बसलो. विषय: जुन्या वस्तू शेजारी ठेवल्या की त्याला शोध कधी म्हणायचं.

याचं जुनं उदाहरण इंग्लंडचं, १८९० चं, विल्यम्स विरुद्ध नाय. मांस बारीक करायचं यंत्र होतं, सॉसेज भरायचं यंत्र होतं. दोन्ही एका सांगाड्यात बसवली. सोयीचं झालं, पण पेटंट गेलं. युरोपीय कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांत सॉसेजचं हे उदाहरण अजून आहे. दोन यंत्रं आपापलं काम करतात, एकमेकांमुळे वेगळं काही घडत नाही, म्हणून ती नुसती बेरीज.

आपल्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा खटला मला अँडरसन्स-ब्लॅक रॉकचा वाटतो. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, १९६९. डांबराचा एक पट्टा थंड झाल्यावर त्याला लागून दुसरा टाकला की जोड कच्चा राहतो. अर्जदाराने उष्णता फेकणारा बर्नर थेट डांबर पसरणाऱ्या यंत्रावर चढवला. काम सोपं झालं. न्यायालय म्हणालं, बर्नर बर्नरचंच काम करतो आणि पेव्हर पेव्हरचं. एका चासीवर आणण्यात सोय आहे, शोध नाही. 'बर्नर'च्या जागी 'एसी' आणि 'पेव्हर'च्या जागी 'व्हॅन' घालून वाचलं तर अंगावर काटा येतो.

भारतात हीच गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(एफ): माहीत असलेली उपकरणं, प्रत्येक आपापल्या परीने आणि माहीत असलेल्या पद्धतीनेच काम करणारी, त्यांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध नव्हे. वर सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकाल. तिथे भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा वाद होता आणि कसोटी ठरली ती ही, की सुधारणा कारखान्यातला कुशल कारागीर रोजच्या कामात करेल त्याच्या पलीकडची हवी.

मॅडम म्हणाल्या, "३(एफ) मधले महत्त्वाचे शब्द 'आपापल्या परीने' हे. तुमच्या कॅबिनेटमध्ये असा एखादा भाग दाखवा जो दुसऱ्या भागामुळे वेगळंच काम करायला लागतो. तो दाखवलात तर बोलू."

मी झडपेचं नाव घेतलं. त्यांनी विचारलं, ती भोक झाकते, त्यापुढे काय करते? उत्तर माझ्याकडे नव्हतं. परत जाऊन बघायचं ठरलं.

१४ फेब्रुवारी

छोटी पण तातडीची नोंद. दादाने गाडी एका ओळखीच्याला वापरून बघायला द्यायचं ठरवलं होतं. थांबवलं. कॅबिनेट बंद आहे, आतलं कुणाला दिसत नाही, हा बचाव चालत नाही. एगबर्ट विरुद्ध लिपमन, १८८१: कॉर्सेटमधल्या पोलादी पट्ट्या शोधकाने मैत्रिणीला दिल्या, तिने त्या कपड्यांच्या आत घातल्या, वापरताना बाहेरून दिसत नव्हत्या, तरी तो सार्वजनिक वापर ठरला, कारण गुप्ततेची कुठलीच अट घातली नव्हती. याच्या उलट, लाकडी फरसबंदी चालत्या रस्त्यावर सहा वर्षं तपासणाऱ्या शोधकाचं पेटंट वाचलं, कारण तो खरोखर टिकाऊपणाच तपासत होता आणि रस्ता त्याच्या नजरेखाली होता.

अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर वर्षभराची सवलत आहे. युरोपात जवळपास नाहीच; विश्वासघात किंवा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शन एवढंच, तेही सहा महिन्यांपुरतं. भारतात कलम ३२ प्रमाणे रास्त चाचणीसाठी उघड्यावर वापर करणं भाग असेल तर वर्षभराची मुभा आहे. गाडीची चाचणी बंद खोलीत होत नाही, त्यामुळे हे कलम आपल्या कामाचं. पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. ज्याला गाडी द्यायची त्याची गुप्ततेच्या कागदावर सही, मगच किल्ली.

१८ फेब्रुवारी

झडप परत पाहिली. या वेळी एसी चालू ठेवून, गाडीच्या बाहेर उकिडवं बसून.

भिंतीतलं भोक उभट. झडपेचा दांडा बरोबर मध्यावर. एसी आत गेला की झडप आडवी होते: तिचा अर्धा भाग बाहेरच्या उथळ खोबणीत येतो, अर्धा आत कॅबिनेटमध्ये जातो. आतल्या अर्ध्या भागाच्या कडेला रबराची पट्टी आहे आणि ती कंडेन्सरच्या अगदी खालच्या पत्र्याला जाऊन टेकते. त्यामुळे भोकाचे आपोआप दोन मजले होतात. वरच्या मजल्यातून गरम हवा बाहेर, खालच्यातून ताजी हवा आत, तिथून बाजूच्या जाळ्यांकडे. मधे आडवी झडप. बाहेर आलेला अर्धा भागही उगाच नाही. बाहेर पडलेली गरम हवा लगेच खाली वळून परत शिरू नये म्हणून तो पुढे आलेला असतो.

दादाला विचारलं, झडप मधोमध का फिरवलीस? म्हणाला, "पूर्ण झडप आत उघडली तर एसीला आपटते. बाहेर उघडली तर गाडीच्या अंगाबाहेर येते. म्हणून मधे दांडा." गरम-ताजी हवा वेगळी होते ते? "ते झालं आपोआप. रबर मी खडखड होऊ नये म्हणून लावलं."

खडखडाट बंद करायला लावलेली पट्टी! पण शोध कसा सुचला याने फरक पडत नाही. अमेरिकी कायद्याच्या कलम १०३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, की शोध कुठल्या रीतीने लागला यावरून पेटंट नाकारायचं नाही. विचार करून सापडला काय किंवा रबर लावताना सापडला काय.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एसी नसताना झडप दार असते. एसी असताना तीच झडप भिंत असते. आणि दाराची भिंत व्हायला कारण एसीचं आत सरकणं. इथे भाग आपापल्या परीने काम करत नाहीत.

२१ फेब्रुवारी

आनंद तीन दिवस टिकला. इन्व्हर्टरची वायरिंग करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने झडप मिटताना बघितली आणि म्हणाला, "हे आमच्या पॅनेलमध्ये असतं की."

बरोबर आहे त्याचं. ड्रॉ-आउट (ओढून बाहेर काढता येणारा) ब्रेकर असलेल्या विजेच्या स्विचगिअर पॅनेलमध्ये ब्रेकर रेलवरून बाहेर काढला की मागच्या जिवंत संपर्कांवर शटर आपोआप उतरतं. आत ढकलला की उघडतं. सरकणारा भाग स्वतःच्या हालचालीने झडप चालवतो ही कल्पना तिथे जशीच्या तशी आहे.

परीक्षक विजेच्या पॅनेलचा कागद एसीच्या अर्जावर लावू शकतो का? अमेरिकेत कसोटी अशी: कागद त्याच क्षेत्रातला असावा, किंवा शोधकाच्या समस्येशी वाजवी संबंध असणारा. 'सरकता भाग काढल्यावर उघडी पडणारी धोक्याची जागा झाकणं' अशी समस्या मांडली की पॅनेल आत येतं. २००७ च्या केएसआर निकालानंतर (गाडीच्या सरकत्या पेडलवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवण्याचं प्रकरण) तर कुशल माणसाला थोडी कल्पकता असतेच असं धरलं जातं. तो दुसरीकडचे तुकडे आणून जुळवेल.

शिवाय मधल्या दांड्यावर फिरणारी झडप म्हणजे हवेच्या डक्टमधला साधा डॅम्पर (हवा अडवणारं पातं), आणि हवा इकडेतिकडे वळवणारी दारं प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डमागे असतात. तिघं समोर उभे: स्लीव्ह, शटर, डॅम्पर.

दादाला अजून सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

युरोपीय पद्धतीने मांडून बघितलं. सगळ्यात जवळचा कागद: सरकत्या चासीची स्लीव्ह. फरक: मधल्या दांड्याची झडप, एसीच्या ढकलण्याने फिरणारी, आतली कड कंडेन्सरखाली टेकणारी. फरकाने होणारा परिणाम: एसी नसताना धूर बंद, एसी असताना गरम हवा परत फिरत नाही.

धोका इथेच आहे. परिणाम दोन लिहिले की परीक्षक समस्याही दोन करणार, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगवेगळ्या कागदात दाखवणार. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००४ मध्ये साबाफ कंपनीच्या गॅस बर्नरचं हेच केलं: आधी ठरवा की शोध एक आहे का दोन, दोन असतील तर प्रत्येक वेगळा तपासा. तिथे दोन्ही बदल एकमेकांवर अवलंबून नव्हते आणि पेटंट गेलं.

म्हणून आपलं म्हणणं असं असायला हवं, की दोन परिणाम एकाच पत्र्याचे, आणि एक मिळवताना दुसरा हातचा जात नाही. धूर अडवायला पॅनेलचं शटर आणलं तर ते वर-खाली सरकून बाजूला होतं. बाजूला गेलेलं शटर हवा विभागत नाही. हवा विभागायला पक्की आडवी पट्टी लावली तर भोक झाकणारी झडप तिला अडते, आणि एसी काढल्यावर सामानाची जागाही ती पट्टी खाते. कुशल माणूस तीन कागद जोडू शकला असता हे मान्य. जोडले असते का, आणि असेच जोडले असते का, हा प्रश्न. शटरला अर्धवट आत घुसवून एसीच्या पाठीला टेकवायला पॅनेलवाला कुणाला सांगत नाही. तिथे तर जिवंत संपर्कांजवळ असला पत्रा नकोच असतो.

हे मला पटतं. परीक्षकाला पटायला नुसत्या युक्तिवादापेक्षा आकडे बरे.

२६ फेब्रुवारी

चाचणी. तीच गाडी, तोच एसी, बंदिस्त शेड, पंखे बंद. बाजूच्या जाळीवर तापमानाची तार आणि सगळ्या कडांना शिवणकामाच्या धाग्याचे बोटभर तुकडे चिकटवले, हवा कुठे जाते ते डोळ्यांना दिसावं म्हणून.

झडप पूर्ण असताना खालच्या मजल्यावरचे धागे सरळ आत ओढले गेलेले, वरचे बाहेर ताणलेले. जाळीत शिरणारी हवा शेडमधल्या हवेपेक्षा जेमतेम गरम. मग दुसरी झडप लावली, आतला अर्धा भाग कापलेली. बाहेरून बघता काहीच फरक नाही. पण कंडेन्सरच्या खालच्या कडेचे धागे आधी फडफडले, मग वळून जाळीकडे लागले. तापमान चढत गेलं, कॉम्प्रेसरचा करंट त्याच्या मागोमाग. काही वेळाने ओव्हरलोडचा 'टक्' आवाज आला आणि एसी गप्प.

तिसरी रचना: पूर्ण झडप, पण रबरी पट्टी काढलेली. ही मधे कुठेतरी राहिली. बंद पडला नाही, पण करंट चढाच. म्हणजे पट्टीही क्लेममध्ये जाणार, मात्र मुख्य क्लेममध्ये नाही.

तिन्ही वेळच्या नोंदी दादाने आणि मी सही करून ठेवल्या. स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या तपशीलवार वर्णनात) हे कोष्टक म्हणून जाईल. भारतीय कायद्यात इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या व्याख्येतच 'आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती' किंवा आर्थिक महत्त्व हा भाग आहे. त्याला हे कोष्टक थेट लागू पडतं.

१ मार्च

मुख्य क्लेमचा कच्चा मसुदा, मराठीत विचार करून बघण्यासाठी:

वाहनाच्या भिंतीतील मोकळीकीला लागून बसणारं कॅबिनेट, ज्यात एकखोकी वातानुकूलन यंत्र सरकवण्यासाठी मार्ग आहे; मोकळीकीच्या मध्यभागातून जाणाऱ्या दांड्यावर फिरणारी झडप आहे; यंत्र नसताना झडप मोकळीक बंद करते अशा पहिल्या स्थितीकडे तिला ओढणारी स्प्रिंग आहे; आणि यंत्राच्या सरकण्याने ढकलली जाऊन झडपेला दुसऱ्या स्थितीत नेणारी दांडी आहे; दुसऱ्या स्थितीत झडपेचा एक भाग कॅबिनेटच्या आत यंत्राच्या कंडेन्सर बाजूपर्यंत पोहोचून मोकळीकीचे हवा आत घेण्याचा आणि हवा बाहेर सोडण्याचा असे दोन भाग पाडतो.

दादाच्या वाक्यातलं 'निघतो' आता क्लेममध्ये शब्द म्हणूनही नाही. ते स्प्रिंग आणि दांडीच्या आत गेलं आहे. रेल, बेअरिंग, खटका हे सगळं उपक्लेममध्ये. बेअरिंग खाली गेल्याचं दादाला वाईट वाटलं.

५ मार्च

दोन गोष्टींवर मॅडमशी वाद.

पहिली: एसी क्लेमचा भाग करायचा का? केला तर नावीन्याची बाजू थोडी भक्कम होते. पण उद्या कुणी नुसतं रिकामं कॅबिनेट विकलं आणि गिऱ्हाइकाने स्वतःचा एसी टाकला, तर थेट उल्लंघन गिऱ्हाइकाचं होतं, विकणाऱ्याचं नाही. मग विकणाऱ्याला अप्रत्यक्ष उल्लंघनात ओढत बसा. म्हणून पहिला क्लेम रिकाम्या कॅबिनेटचा, दुसरा स्वतंत्र क्लेम कॅबिनेट अधिक एसीचा. रिकाम्या कॅबिनेटच्या क्लेममध्ये 'कंडेन्सरपर्यंत पोहोचतो' म्हणताना पंचाईत होते, कारण एसी तिथे नाहीच. मोजमाप मग कॅबिनेटमधल्याच कशाच्या तरी आधाराने द्यायला हवं. रेलच्या शेवटच्या टेकूपासूनचं अंतर धरू.

दुसरी: 'एसीच्या सरकण्याने ढकलली जाऊन' हे शब्द आवळून बांधतात. प्रतिस्पर्धी झडपेला छोटी मोटर आणि स्विच लावेल आणि बाहेर पडेल. मी म्हटलं, 'यंत्राच्या उपस्थितीनुसार हलणारी' असं रुंद करू. मॅडमचं म्हणणं, रुंद केलं की डॅशबोर्डमागची मोटरवाली दारं अंगावर येतात. शेवटी रुंद क्लेम पहिला, अरुंद त्याच्या खाली, आणि मोटरची आवृत्ती वर्णनात चित्रासकट. वर्णनात नसलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही, त्यामुळे आत्ताच सगळं ओतायचं.

८ मार्च

देश. पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत पॅरिस कराराप्रमाणे (औद्योगिक मालमत्तेचा, हवामानाचा नव्हे) इतर देशांत अग्रहक्क, म्हणजे पहिल्या अर्जाचीच तारीख, घेता येतो. पीसीटीने (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) गेलो तर बहुतेक ठिकाणी तीस महिने, भारत आणि युरोपात एकतीस. भारतात राहणाऱ्या शोधकाने थेट बाहेर अर्ज करायचा नाही. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा कलम ३९ ची परवानगी घ्यायची.

जर्मनी आणि चीनमध्ये युटिलिटी मॉडेलचा (छोट्या शोधांसाठीचा, कमी मुदतीचा हक्क) पर्याय आहे, मुदत दहा वर्षं. जर्मनीत नोंदणीआधी नावीन्य तपासतही नाहीत. असल्या पत्रा-दांडा-स्प्रिंगच्या शोधाला हे चपखल. भारतात अशी सोय नाही. कॅबिनेटच्या दिसण्याची डिझाइन नोंदणी वेगळी करता येईल, पण ती झडपेचं काम वाचवत नाही. मी त्यावर वेळ घालवणार नाही.

एक गंमत सापडली. पॅरिस कराराचं कलम ५ तृतीय: दुसऱ्या देशातली गाडी तात्पुरती आली असेल तर तिच्यावर बसलेल्या साधनांमुळे पेटंटचं उल्लंघन होत नाही. म्हणजे नक्कल केलेलं कॅबिनेट घेऊन सीमा ओलांडून सहलीला आलेल्याला आपण काही करू शकणार नाही. दादा बराच वेळ हसला.

१२ मार्च

लेखी मत मॅडमकडून आलं. निघणाऱ्या एसीचं कॅबिनेट या रूपात: मिळणार नाही, प्रयत्नही करू नये. झडपेच्या रूपात: मिळण्याची रास्त शक्यता, क्लेम अरुंद होण्याची तयारी ठेवून. आधी तात्पुरता अर्ज टाकून बारा महिन्यांत पूर्ण करण्यापेक्षा चाचण्या हातात असल्याने थेट पूर्ण स्पेसिफिकेशन टाकावं, असंही त्यांचं म्हणणं. मला मान्य, नाहीतर तात्पुरत्या अर्जात मोटरची आवृत्ती राहून जाते आणि तिची तारीख वर्षभराने पुढे सरकते.

उरलेली कामं: कॅबिनेटच्या तळातल्या पाण्याची निचरा नळी एसी काढल्यावर स्वतः मिटते का, ते वर्णनात लिहायचं. काही एसींत कंडेन्सरच्या पंख्याची कडी साठलेलं पाणी कॉइलवर उडवते, ते पाणी झडपेवर पडतं. म्हणून झडपेला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा का हे दादा आज करून बघतोय. चालला तर आणखी एक उपक्लेम, आणि चित्र ४ नव्याने काढावं लागेल.